चार नंबरची खाट

"गो अक्षता, लाव ना. सुरू झाला असतला."

सासूबाई दिवाणाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. अख्खा दिवाण रिकामा, तरी टोकाला. रिमोट माझ्या हातात होता, भिंतीवर सात एकतीस झाले होते आणि माझी लेक पूर्वी टीव्हीला नाक लावून बसली होती.

"पूर्वी, मागे सरक. डोळे बिघडतील."

"मागून आजोबा छोटे दिसतात," ती म्हणाली. साडेतीन वर्षांची आहे, उत्तर तयार असतं.

मी बटण दाबलं.

पडद्यावर आयसीयू होता. डॉक्टरीणबाई मोकळे केस सोडून एका पेशंटची छाती दाबत होत्या, कोपरं वाकवून, कणीक मळावी तशी. एरवी मी गप्प बसले नसते. एवढ्याशा दाबाने गादीसुद्धा दबायची नाही, आणि ते केस आधी बांध बाई, असं काहीतरी नक्की बोलले असते. त्या दिवशी बोलले नाही. माझी नजर नेहमीच्या जागी गेली होती: उजवीकडे, मागे, जिथे उजेडही धड पोचत नाही. तिथे चार नंबरची खाट. खाटेवर माझे सासरे. नाकाखाली नळी, डोळे मिटलेले, छातीपर्यंत हिरवी चादर. चादर वर होत होती, खाली होत होती.

"आज तोंडार तेज आसा," सासूबाई म्हणाल्या.

बाबांना जाऊन त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

सौरभ, माझा नवरा, गॅलरीत जाऊन उभा राहिला. साडेसातला तो हल्ली गॅलरीतच असतो. सातव्या मजल्यावरून कांदिवलीची समोरची बिल्डिंग दिसते, आणि तिथल्याही तीन-चार खिडक्यांत त्याच वेळी तीच मालिका चालू असते. म्हणजे तो वडिलांकडे पाठ करून उभा राहतो आणि समोरून वडील परत दिसतात, बोटभर, निळे.

*

बाबांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. बाबा स्वतः कांदिवलीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगला. एकतीस वर्षं त्यांनी गोळ्यांच्या पाकिटात माहितीचा कागद घडी घालून सरकवला. तो कागद कोणीच वाचत नाही हे त्यांना माहीत होतं, पण घडी वाकडी गेलेली त्यांना चालायची नाही. कारखाना गुजरातला गेला तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते आणि गुजरातला जाणार नव्हते.

मग चौथ्या मजल्यावरच्या नंदकुमारने त्यांना हेरलं. नंदकुमार मालिकांना गर्दी पुरवतो. लग्नातले पाहुणे, कोर्टातले बघे, अंत्ययात्रेतली माणसं. "दादा, तुमचा चेहरा एकदम घरातला आहे," तो म्हणाला, "कुठेही बसवला तरी बसतो." बाबा खूश. पहिली तीन वर्षं ते वेगवेगळ्या लग्नांत अक्षता टाकत होते. गेल्या वर्षी हॉस्पिटलची मालिका सुरू झाली आणि त्यांना कायमची जागा मिळाली. आठवड्यातून तीन दिवस, मालाडला उतरून मढची बस. तिथे एक बंगला भाड्याने घेतलेला. वरच्या मजल्यावर हॉस्पिटल, खालच्या मजल्यावर त्याच डॉक्टरीणबाईंचं सासर. येताना कोळणींकडून ओले बोंबील आणायचे. पिशवीला बोंबलांचा वास, शर्टाला स्पिरिटचा. "स्पिरिट खरं असतं काय?" मी विचारायचे. "तेवढंच खरं," ते म्हणायचे. "रक्त साखरेच्या पाकाचं. मुंग्या येतात गो. ऑपरेशन चालू असतं आणि माझ्या खाटेवर मुंग्यांची रांग. हलता येत नाही."

मला रक्त बघवत नाही. खोटंही नाही. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई, काचपट्टीवरचे जंतू तासन्‌तास बघितलेत, पण पूर्वीला पहिली लस टोचली तेव्हा मीच दवाखान्याच्या फरशीवर आडवी झाले होते. ती आठव्या महिन्यात झाली. अकरा दिवस काचेच्या पेटीत. त्या अकरा दिवसांत मी एकच काम केलं: काचेला कपाळ टेकून तिचं पोट वर-खाली होतंय का ते मोजलं. ते अजून सुटलेलं नाही. अजून ती झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते. बोटाला ऊब लागली की पुढच्या कामाला लागते.

तर हॉस्पिटलची मालिका मी अशीच बघायचे. मधोमध सुई असायची, कातर असायची, कापूस लाल व्हायचा, म्हणून मी मधोमध बघायचेच नाही. कडेला बघायचे. आणि कडेला बाबा होते. त्यामुळे ह्या मालिकेत चार नंबरच्या पेशंटचं नीट लक्ष देऊन काम बघणारी जगात मी एकटीच असेन.

"बाबा, मंगळवारी तुम्ही गिळलंत."

"दिसलं?"

"कंठ हलला. कोमातला माणूस गिळत नाही. आणि सलाईनची बाटली आठ महिने भरलेलीच आहे, ते सांगा त्यांना."

"सांगितलं. म्हणाले, तुमच्या सुनेलाच घ्या डॉक्टर म्हणून."

"मी पडेन तिथे."

"मग माझ्या बाजूची खाट देऊ," म्हणायचे आणि खूप हसायचे. आवाज न करता हसायचे, खांदे हलवून.

सासूबाईंनी त्यांना पहिल्या दिवशीच बजावलं होतं. "पडून ऱ्हवा, काय ता करा. पण मरूचा नाय. खोटा खोटा पण नाय." बाबांनी हो म्हटलं होतं. नंदकुमारलाही ठाऊक होतं, की दशरथदादा झोपतील, मरणार नाहीत. अंत्ययात्रेत चालतील, तिरडीवर चढणार नाहीत.

पण ते जायच्या महिनाभर आधी नंदकुमारने त्यांना जिन्यातच गाठलं. चार नंबरचा पेशंट मरणार होता. आठ महिन्यांनी तो शुद्धीवर येणार, डॉक्टरीणबाईंकडे बघून एक शब्द बोलणार आणि मरणार. बाबा नाही म्हणाले असते तर दुसऱ्या कोणालातरी दाढी लावून झोपवणार होते.

एक शब्द. "पाणी."

मला त्यांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, हळू आवाजात, सासूबाई खाली भाजीला गेल्या होत्या तेव्हा. "चार वर्षांत पहिला डायलॉग, अक्षता. सासूला तुझ्या काय सांगू नको. लागेल तेव्हा बघू."

मी सांगितलं नाही. उलट तयारी मीच करून घेतली. दुपारी पूर्वीला भरवताना ते दिवाणावर आडवे व्हायचे, हात अंगालगत, पाय जुळवलेले. आधी "पाणी". कधी घोगरं, कधी नुसतीच हवा. मग मरण. मरणाला वीस आकडे श्वास धरायचा होता, कारण चादर तोंडावर ओढल्यावर कॅमेरा तेवढा वेळ थांबणार होता. मी दारात उभी राहून मोजायचे. पूर्वीला हा खेळ वाटायचा. बारा, तेरा, आणि चौदाला पोट उडायचं.

"मेलात, पण नापास," मी म्हणायचे.

पंधराच्या पुढे ते कधी गेले नाहीत.

मंगळवारी शूटिंग झालं. संध्याकाळी आले ते जरा ओढलेले दिसत होते. चहा घेताना माझ्याकडे वाकून म्हणाले, "झालं. डायरेक्टर ओके म्हणाला. पण हललंय गो, मला कळतंय. मी सांगितलं तेव्हा शुक्रवारी परत घेऊ म्हणाले. आवाज पण तेव्हाच भरायचा. तिकडे जनरेटर घुरघुरतो ना." मग कप खाली ठेवला. "आणि हसायचं राहिलं."

त्या लोकांत रीत आहे. जो माणूस कॅमेऱ्यासमोर मरतो त्याला शॉट झाल्या झाल्या उठवून बसवतात, नारळ देतात आणि कॅमेऱ्यात बघून हसायला लावतात. तो हसरा तुकडा कुठेच दाखवत नाहीत. पण घेतात. शेवटचं चित्र मेलेलं राहू नये म्हणून. त्या दिवशी उजेड गेला, सगळ्यांची घाई, नारळ टेबलावर तसाच राहिला.

"शुक्रवारी हसा," मी म्हटलं. "नीट मेलात तर."

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मी वरणभाताची वाटी घेऊन बाहेर आले तर बाबा दिवाणावर होते. हात अंगालगत, पाय जुळवलेले. मी दारातच थांबले आणि मोजायला लागले. दहा. पंधरा. सोळा म्हणताना मला आनंद झाला. वीस झाले, पंचवीस झाले. शेजारच्या घरात दुपारी त्याच मालिकेचा कालचा भाग लागतो, भिंतीतून मशीनची टिक टिक येत होती.

"झकास, बाबा! पंचवीस!" मी म्हणाले. "अजिबात हललं नाही!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, मुरलेला नट झालाय माणूस. पूर्वीने टाळ्या वाजवल्या. मी आत गेले, तिला भरवलं, वाटी धुतली.

सव्वातीनला सासूबाई चहाला हाक मारायला गेल्या तेव्हा पाय गार लागले. खालचे डॉक्टर आले, म्हणाले, अर्धा-पाऊण तास झाला असेल. आधी कळलं असतं तर, असं सौरभने विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. ते काय सांगणार होते?

मी मोजत होते हे मी कोणालाच सांगितलं नाही. एका मिनिटात शंभर वेळा सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही. आणि त्यानंतर दर सोमवार ते शनिवार साडेसात वाजता बाबा माझ्यासमोर श्वास घेत होते.

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पूर्वी दुपारी खेळता खेळता गप्प झाली.

मुलं गप्प झाली की आईने आधी धावावं आणि मग विचार करावा. मी बाहेर आले. ती दिवाणावर उताणी पडली होती. हात अंगालगत. पाय जुळवलेले. छातीपर्यंत माझी ओढणी. ओढणी हलत नव्हती.

मी किती जोरात ओरडले ते मला नंतर शेजारच्या चेतनाने सांगितलं. मी तिला खांद्याला धरून उचललं तशी ती खदाखदा हसली.

"मी चार नंबर!"

मी तिला एक फटका दिला. मग कवटाळलं. मग परत फटका द्यावासा वाटला.

"आजपासून ती मालिका बंद," मी म्हणाले. "आई, बास झालं. पोरगी बघा काय शिकतेय."

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. एकोणीस-वीस दिवसांत त्या खूप बारीक झाल्या होत्या, पण आवाज तसाच होता.

"ता बंद जावचा नाय."

"अहो आई, ते शूटिंग आहे. आधी करून ठेवलेलं. त्याला काही अर्थ..."

"शूटिंग काय ता माका कळता. मी खुळी नाय. तेंका दहाव्याक कावळो शिवलो नाय. सौरभान सगळा कबूल केलान, पोरीची शाळा, माझा दुखणाखुपणा. तरी शिवलो नाय. दर्भाचो कावळो करूक लागलो. कित्या? ते हंयसून गेले, पण थय टीव्हीत आसत. ते आसत तवसर मी बघतलंय. तुका नको तर तू भितर जा."

रात्री जेवणं झाली. सौरभला मी म्हटलं, "तू तरी सांग ना त्यांना."

"किती दिवस चालणार आहे गं?" तो म्हणाला. "एपिसोडची बँक असते त्यांची, तीन आठवड्यांची. संपेल. संपलं की आपोआप बंद होईल."

"संपेल म्हणजे कसं संपेल, माहितीये तुला?"

त्याला माहीत नव्हतं. मी ताटं उचलली.

गुरुवारी सकाळी नंदकुमार आला. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. त्याने चपला बाहेर काढल्या, पण आत आला नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"वहिनी, उद्या दादांचा तो सीन लागतोय. म्हटलं आधी सांगावं. काकूंना नका दाखवू."

"परत घेणार होते ना तो?"

"दादाच नाहीत तर कोणाचा घेणार? आहे तोच लावला. कोण बघतंय मागचा माणूस." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो जिन्याकडे बघायला लागला. "हे दादांचं राहिलं होतं. सेटवर कोणी हात लावायला तयार नव्हतं. त्या टेबलावरून उचलून मीच आणलं."

पिशवीत नारळ होता. शेंडी तशीच, वर हळदीकुंकवाचं बोट, वाळून काळं पडलेलं. मी तो ओट्याखाली तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवला. दिवसभर भांडी घासताना मला पायापाशी कोणीतरी बसल्यासारखं वाटत होतं.

*

शुक्रवारी मी काय काय ठरवलं होतं! केबलची वायर मागून सैल करायची. पूर्वीला घेऊन चेतनाकडे जायचं. सासूबाईंना बोरिवलीला नणंदेकडे पाठवायचं. संध्याकाळ झाली आणि ह्यातलं काहीच केलेलं नव्हतं. सात वीसला सासूबाई दिवाणाच्या टोकाला येऊन बसल्या, पदर सारखा केला, जसं कोणी भेटायला येणार आहे.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आई, आज नका बघू."

"कित्या?"

"आज ते मरतात."

मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी पूर्वीच्या केसातली पिन काढून नीट लावली.

"माका म्हायत आसा."

"कसं?"

"तांदूळ काढूक गेलंय तेव्हा नारळ बघलंय. आपण हाडलेलो नाय तो. हळद-कुंकू लावून नारळ कोणाक देतत ता मी चार वर्सां ऐकतंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि महिनोभर दुपारचे 'पाणी, पाणी' करीत होते. मी काय भैरी आसय?"

"मग तुम्ही त्यांना अडवलं का नाही?"

"चार वर्सां मुके पडलेले, गो. एक शब्द गावत होतो तेंका." त्यांनी हात मांडीवर पुसले. "मी भाजीक म्हणान खाली जाय. जिन्यात बसून ऱ्हवलंय कितीकदा. तेवढाच तेंका मोकळा."

गॅलरीत सौरभची पाठ दिसत होती. सात सव्वीस. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं, आणि मी सांगितलं. दारात उभी राहून मोजत होते ते. पंचवीस म्हणाले ते. टाळ्या वाजल्या त्या. आणि नंतर मी वाटी धुतली तेही सांगितलं, का कोण जाणे, ते सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा आत वळला, तेवढंच.

त्यांनी पदर पुन्हा सारखा केला. मग एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "तू भितर गेलंस, आणि मी भायर इलंय."

मी वर बघितलं.

"झोपले होते. मी म्हटलंय, चादर घेवा, वारो लागता. उत्तर नाय. माका वाटला, करतत आपला कायतरी, मोडूचा कित्याक. म्हणान मी पंखो बारीक केलंय. चारार होतो तो दोनार केलंय. आणि हळूच भितर गेलंय. पाय वाजवक नाय." त्यांनी छताकडे बघितलं. "पाय वाजवलंय असतंय तर."

पूर्वी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"आजी, लाव ना."

रिमोट सासूबाईंनी स्वतः घेतला.

*

त्या दिवशी कॅमेरा पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत गेला. आठ महिने कडेला असलेली खाट मधोमध आली. बाबांचा चेहरा अख्खा पडदाभर. उजव्या भुवईतला पांढरा केस दिसत होता, जो मी कापू का म्हणून विचारायचे. घरात कोणी हललं नाही. गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज आला, सौरभ आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

बाबांनी डोळे उघडले.

सरळ आमच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंकडे बघायचं होतं, पण कॅमेरा तिच्या जागी असणार. ओठ सुटले.

"पाणी," ते म्हणाले.

आवाज त्यांचा नव्हता.

जाड, तयार, रेडिओवरच्यासारखा आवाज. तो बाबांच्या तोंडातून आला आणि बाबांचे ओठ त्याच्या जरा नंतर मिटले. सासूबाई मागे सरकल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"ह्यो कोण?" त्या कुजबुजल्या. "ह्यो कोण बोललो?"

"आजोबा नाहीत ते," पूर्वी म्हणाली. ती उठली आणि येऊन माझ्या मांडीत शिरली.

मला कळत होतं, त्या शुक्रवारी आवाज भरायचा होता, बाबा नव्हते, दुसऱ्या कोणीतरी भरला. कळून काय उपयोग? महिनाभर दुपारी, घोगरा नको, हवा नको, जरा कोरडा, असं करत करत सापडलेला तो शब्द. तो कोणाच्यातरी घशातून आला होता आणि चेहरा बाबांचा होता. सौरभने तोंडावर हात ठेवला.

मशीनची रेघ सरळ झाली. डॉक्टरीणबाई "नाही!" म्हणून किंचाळल्या, केस मोकळेच. एका नर्सने हिरवी चादर ओढली, छातीवरून, गळ्यावरून, तोंडावरून. मग कॅमेरा बाईंच्या रडण्यावर गेला. डोळ्यातलं पाणी, संगीत, परत डोळ्यातलं पाणी. सगळं मधोमध. मी कडेला बघत होते. उजवीकडे, मागे, हिरवा उंचवटा होता.

मी मोजत होते. मला मोजायचं नव्हतं. चार. पाच. पूर्वीचं डोकं माझ्या छातीवर होतं. आठ. नऊ. चादर दगडासारखी होती. माझा स्वतःचा श्वास मी कधी धरला ते कळलं नाही. बारा. मला ते दुपारचं दार आठवलं, वाटीतला गार होत चाललेला भात. तेरा.

चौदाला चादर उडाली.

थोडीशीच. तोंडाच्या जागी आत गेली, बाहेर आली, मग पोटाच्या जागी सगळी वर झाली आणि हळूहळू खाली बसली. बाई रडतच होत्या. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्या बंगल्यात नाही, मालिकेची कापाकापी करणाऱ्या एडिटरच्याही नाही. पुन्हा वर झाली.

"हलले," सासूबाई म्हणाल्या.

चादर परत खाली बसली.

"हलले, गो! बघलंस?" त्यांनी माझा दंड धरला. "मेले खंयचे! श्वास घेतत बघ कसे, भात्यासारखे. जमाक नाय तेंका. शेवटपर्यंत जमाक नाय!"

आणि त्या हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवून, आवाज न करता. बाबांसारख्या. पदर तोंडाशी नेला तरी खांदे हलतच होते. पूर्वीला काय कळलं माहीत नाही, ती मांडीतून उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. "आजोबा नापास! आजोबा नापास!" सौरभ भिंतीला टेकलेला होता तो तसाच खाली बसला. तो हसत होता की काय करत होता ते मला चेहऱ्यावरून सांगता आलं नाही.

मग जाहिरात लागली. कुठल्याशा साबणाची.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि टीव्ही बंद केला. पुढे काय झालं ते आम्ही बघितलं नाही, आजवर बघितलेलं नाही.

"उद्या तो नारळ फोड," त्या म्हणाल्या. "पाणी पोरीक दी. खोबऱ्याचा सुक्या माशांक वाटप करूया." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि दारापाशी थांबल्या. वळून दिवाणाकडे बघितलं. टोकाची चादर त्यांच्या बसण्याने चुरगळलेली, बाकीची सपाट.

त्यांनी बटणापाशी जाऊन पंखा चारावरून दोनवर आणला, आणि पाय न वाजवता आत गेल्या.